बैगांच्या चित्रातला वाघ: जुना किती, नवा किती?

१५ डिसेंबर २०२४ रोजी जोधैयाबाई बैगा गेल्या. मध्य प्रदेशातल्या उमरिया जिल्ह्यातलं लोढा हे त्यांचं गाव. २०२३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा, आणि नंतर त्या गेल्या तेव्हाही, बहुतेक बातम्यांत त्यांचं वर्णन ‘बैगा जमातीची पारंपरिक चित्रकला जपणाऱ्या’ असं होतं. आणि त्याच बातम्यांत पुढे असायचं की त्यांनी ब्रश हातात धरला तो साठी उलटल्यावर, गावात एका चित्रकाराने सुरू केलेल्या स्टुडिओत.

वाचणाऱ्याने यातलं काय खरं धरायचं? हजारो वर्षांची परंपरा असेल, तर ती शिकायला म्हातारपणी शाळेत का जावं लागलं? आणि शाळेत शिकलेली असेल, तर ती पारंपरिक कशी?

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. कागदावरचं बैगा चित्र अगदी अलीकडचं आहे. त्यातला वाघ, मोहाचं झाड, धरणी यांच्याशी बैगांचं असलेलं नातं मात्र फार जुनं आहे. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवून पाहिल्या की चित्रं नीट दिसू लागतात, आणि ती टिकवायची तर नेमकं काय टिकवावं लागेल हेही कळतं.

बैगा कोण?

मध्य प्रदेशातले मंडला, दिंडोरी, बालाघाट, शहडोल, उमरिया, अनुपपूर हे जिल्हे आणि छत्तीसगडमधला कवर्धा-बिलासपूरचा डोंगराळ भाग हा बैगांचा मुलूख. सातपुडा आणि मैकल रांगांमधलं साल वृक्षांचं जंगल. २०११ च्या जनगणनेनुसार मध्य प्रदेशात त्यांची संख्या चार लाखांच्या वर होती. बालाघाट ओलांडलं की आपला गोंदिया जिल्हा लागतो, आणि महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीतही बैगांचं नाव आहे. म्हणजे ही माणसं आपल्याला वाटतात तितकी लांबची नाहीत.

सरकारी भाषेत ते ‘विशेष असुरक्षित आदिवासी समूह’ आहेत. देशात असे ७५ समूह मानले जातात. महाराष्ट्रातले कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड त्यांतलेच.

पण बैगांची खरी ओळख या शिक्क्यात नाही. मध्य भारतातल्या कितीतरी गावांत, गाव गोंडांचं असलं तरी, गावदेवाची पूजा करायला बैगा लागतो. पेरणीआधी बियाणं मंतरून देणं, गावाची शीव बांधून ठेवणं, रोगराई आणि वाघाचं भय आवरणं ही कामं त्याची. कारण तो जमिनीचा मूळ राखणदार, म्हणून त्याला ‘भूमिया’ही म्हणतात.

याच्यामागे त्यांची उत्पत्तीकथा आहे. पहिली माणसं नंगा बैगा आणि नंगा बैगिन. पृथ्वी तेव्हा पाण्यावर डळमळत होती. तिला स्थिर करायला नंगा बैगाने चार कोपऱ्यांत खिळे ठोकले. देवाने त्याला सांगितलं की तू मातीचा आहेस, मातीला सोडू नकोस. कंदमुळं खण, पानं-लाकडं गोळा करून जग, पण नांगराने आईची छाती फाडू नकोस.

या कथेचे परिणाम प्रत्यक्ष जगण्यात दिसत होते. बैगांची शेती होती ‘बेवर’: जंगलाचा तुकडा छाटायचा, उन्हाळ्यात वाळलेल्या फांद्या जाळायच्या, पावसाआधी राखेत कोदो-कुटकीसारखं धान्य पेरायचं आणि दोन-तीन वर्षांनी ती जागा जंगलाला परत द्यायची. नांगर नाही, बैल नाही. ब्रिटिश वनखात्याला ही जंगलाची नासाडी वाटली आणि बंदी आली. १८९० मध्ये तेव्हाच्या मंडला जिल्ह्यात एक पट्टा आखून ‘एवढ्यातच करा’ असं सांगण्यात आलं. तो बैगा चक. आज तो दिंडोरीत येतो.

मग कागदाआधी चित्रं कुठे होती?

अंगावर. बैगा बाईच्या कपाळावर, दंडांवर, पाठीवर, मांड्या-पोटऱ्यांवर. त्याला ते ‘गोदना’ म्हणतात, आपण गोंदण. गोंदण आपल्याकडेही आहे. आजीच्या हनुवटीवरचा हिरवा ठिपका किंवा हातावरची तुळस अनेकांनी पाहिली असेल. बैगांचं गोंदण मात्र जवळजवळ सगळं अंग व्यापतं, आणि ते एका बैठकीत होत नाही. मुलगी साधारण आठेक वर्षांची झाली की कपाळापासून सुरुवात. पुढे वय वाढेल, लग्न होईल, मूल होईल, तसतसे पाठ, पाय, छाती असे भाग भरत जातात. बाईच्या अंगाकडे पाहून तिच्या आयुष्याचे टप्पे वाचता येतात.

शाई घरचीच. रमतिला, म्हणजे आपलं कारळं, जाळून धरलेली काजळी त्यात असते. सुयांचा जुडगा त्या काजळीत बुडवून कातडीवर टोचत नेतात. दुखतं, सुजतं, रक्त येतं. तरीही मागच्या पिढ्यांतल्या बायका ते करून घेत, कारण बाकी सगळे दागिने मेल्यावर इथेच काढून घेतले जातात, गोदना तेवढा सोबत येतो, अशी त्यांची श्रद्धा.

आकार कोणते? कपाळावर इंग्रजी ‘व्ही’सारखी खूण, ठिपके आणि आडव्या रेघा. अंगावर मोर, हळदीची गाठ, टोपली, माशी, साखळी, माणसांच्या ओळी. चूल आणि सीतेची रसोई. यादी पाहिली की लक्षात येतं, यात मोठे देव जवळजवळ नाहीत. चूल, टोपली, हळद या बाईच्या हाताखालच्या वस्तू. कोणत्या आकाराचा नेमका अर्थ काय, हे गावागणिक आणि सांगणाऱ्या बाईगणिक बदलतं. म्हणून ‘हे चिन्ह म्हणजे समृद्धी, ते चिन्ह म्हणजे शक्ती’ अशा तयार कोष्टकांवर मी फारसा विश्वास ठेवत नाही. दुकानातल्या चिठ्ठीवर छापायला ती सोयीची असतात, एवढंच.

आणि आणखी एक गोष्ट, जी बातम्यांत फारशी येत नाही. बैगा बायका स्वतः गोंदत नाहीत. ते काम शेजारच्या समाजातल्या बायकांचं. बादी, ओझा, देवार अशा गोंदणाऱ्या समाजातली बाई गावात येते, धान्य किंवा पैसे घेते आणि गोंदून जाते. म्हणजे बैगांची सर्वांत जुनी, सर्वांत जिव्हाळ्याची चित्रं बैगांच्या हातून उतरलेलीच नाहीत. अंग बैगांचं, सुई दुसऱ्याची. ‘शुद्ध परंपरा’ शोधणाऱ्याने इथे थोडं थांबावं. ही पद्धत पिढ्यान् पिढ्या दोन समाजांच्या देवघेवीवरच चालत आली आहे.

अंगाखेरीज चित्र होतं मातीत. या भागातल्या गोंड आणि बैगा घरांच्या भिंती ओल्या असताना बायका बोटांनी उठावाची नक्षी काढतात. तिला नोहडोरा म्हणतात. दरवर्षी सारवण, दरवर्षी नवं रूप. जुनं जपून ठेवायची कल्पनाच नाही. म्हणून संग्रहालयात दाखवायला ‘दोनशे वर्षांपूर्वीचं बैगा चित्र’ मिळणार नाही. चित्र ज्यावर होतं ते अंग जळून किंवा पुरून गेलं, भिंत पावसात विरघळली.

लोढ्यात काय घडलं?

जोधैयाबाईंचं आयुष्य मजुरीत गेलं. नवरा तरुणपणीच वारला. मुलं वाढवायला त्यांनी खाणीत दगड फोडले, जंगलातून लाकूडफाटा आणून विकला, मोहाची दारू विकली. २००८ च्या सुमारास आशीष स्वामी या चित्रकाराने लोढा गावात ‘जनगण तस्वीर खाना’ नावाचा स्टुडिओ उघडला. स्वामी शांतिनिकेतनात शिकलेले. मुंबई-दिल्लीत कुठेही काम करता आलं असतं, पण बांधवगडच्या जंगलाशेजारच्या या गावात राहून त्यांनी गावातल्या माणसांच्या हाती रंग दिले. जोधैयाबाई तिथे आल्या त्या साठीच्या पलीकडे गेल्यावर.

शिकवण्याची रीत महत्त्वाची आहे. लगेच कागद-ब्रश नाही. आधी जमिनीवर रांगोळी, मग माती, मग भोपळा-दोडक्यासारख्या फळांवर, लाकडावर रंगकाम. कागद आणि कॅनव्हास शेवटी. काय काढायचं हे आयुष्यभर जंगलात फिरलेल्या डोळ्यांना माहीतच होतं. हाताला फक्त सवय हवी होती. २०१९ मध्ये त्यांची चित्रं इटलीत मिलानला प्रदर्शनात लागली. पुढे नारी शक्ती पुरस्कार, मग पद्मश्री. पद्मश्री पाहायला स्वामी नव्हते. २०२१ मध्ये कोविडने ते गेले.

गुरू बाहेरचा, मग ही आदिवासी कला कशी?

हा आक्षेप मनात येतोच. त्याचं उत्तर आपल्या घराजवळ आहे. वारली चित्रं लग्नाच्या वेळी घराच्या भिंतीवर सवाष्ण बायका काढत. देवचौक, त्यात पालघट देवी. कागदावर ती उतरली १९७० च्या दशकात, जेव्हा भास्कर कुलकर्णी हे शहरातले चित्रकार डहाणूच्या पाड्यांवर गेले आणि त्यांना गंजाडचे जिव्या सोमा मशे भेटले. मशे यांच्या चित्रांना आज कुणी ‘बाहेरच्याने शिकवलेली’ म्हणत नाही. भोपाळच्या भारत भवन या कलाकेंद्रात चित्रकार जे. स्वामीनाथन यांनी पाटनगढच्या जनगढसिंह श्याम या तरुणाला आणलं, आणि त्यातून आजची गोंड चित्रकला उभी राहिली. भारत भवन उघडलं १९८२ मध्ये. म्हणजे ‘प्राचीन गोंड चित्रकला’ही कॅनव्हासवर चाळीस-पंचेचाळीस वर्षांचीच.

तिन्ही ठिकाणी बाहेरून आलेल्याने पृष्ठभाग दिला. भिंतीच्या जागी कागद, कातडीच्या जागी कॅनव्हास. पण कागद आला की बरंच काही बदलतं, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. चित्र टिकतं, हलवता येतं, विकता येतं, त्यावर सही होते. वारलीत भिंत बायकांची होती आणि कागद आला तसा तो बराचसा पुरुषांकडे गेला. लोढ्यात उलट झालं. कागदावर पहिलं मोठं नाव झालं ते एका म्हाताऱ्या मजूर बाईचं. मला या सगळ्या कहाणीत हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

ही गोंड चित्रंच ना?

नाही. मात्र गोंधळ होतो, कारण मुलूख एक, झाडं-प्राणी एक, आणि बडा देव हा मुख्य देवही दोघांचा. गोंड चित्रकार बहुतेक परधान समाजातले. परधान हे गोंडांचे कथेकरी. बाना नावाचं तंतुवाद्य वाजवत बडा देवाच्या आणि राजांच्या गाथा गाणारे. त्यांच्या चित्रात ती गोष्ट सांगण्याची खुमखुमी दिसते: प्राण्याच्या शिंगांतून झाड उगवतं, झाडातून पक्षी, आणि सगळं अंग बारीक रेघा-ठिपक्यांच्या पुनरावृत्तीने भरलेलं. प्रत्येक चित्रकाराची ती भरण्याची रीत त्याची ओळख असते. जोधैयाबाईंची चित्रं त्या मानाने मोकळी. सपाट रंग, जाड आकार, मधोमध झाड किंवा जनावर आणि भोवती जे दिसलं ते. ठिपक्यांनी भरलेलं चित्र असेल आणि कलाकार झाबुआकडचा असेल, तर ते भिल्लांचं. पद्मश्री भूरीबाई त्या परंपरेतल्या.

वाघ आणि मोह: चिन्हं वाचायची कशी?

इथेच बहुतेकांची चूक होते. आपण विचारतो, ‘हा वाघ कशाचं प्रतीक आहे?’ जणू वाघामागे दुसरंच काही लपलंय. लक्ष्मीपूजनाला आपण उंबऱ्यापासून आत येणारी पावलं काढतो. कुणी विचारलं ‘ही पावलं कशाचं प्रतीक?’ तर आपण गोंधळू. ती पावलं म्हणजे ‘ये’ असं म्हणणं आहे, आणि ती आत येणारीच काढायची असतात. चित्र हे तिथे एक वागणं आहे. बैगांच्या चित्रांकडे या नजरेने पाहिलं तर पुष्कळ उलगडतं.

वाघ म्हणजे बाघेसुर, बाघेश्वर. तो देव आहे आणि तो खरोखरचा, गुरं आणि माणसं मारणारा वाघही आहे. वाघाने माणूस मारला की त्या जागी बैगा पुजाऱ्याला विधी करावा लागतो, नाहीतर मेलेल्याचा आत्मा वाघावर स्वार होऊन पुन्हा माणसं मारायला लावतो, अशी समजूत. लोढा बांधवगडला लागून आहे. तिथे वाघ ही फोटोतली गोष्ट नाही. त्यामुळे त्या चित्रातला वाघ गोंडस दिसला तरी त्यात भय आणि मान दोन्ही असतात. पालघर-मुंबईकडच्या पाड्यांवर, अकोले तालुक्याच्या डोंगरात वाघोबाची स्थानं ज्यांनी पाहिलीत त्यांना हे वेगळं सांगायला नको. वाघबारसेला वाघोबाला मान द्यायचा, मग त्याने आपलं राखायचं. करार तोच, मुलूख वेगळा.

मोहाचं झाड जोधैयाबाईंच्या चित्रात वारंवार येतं. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाची फुलं गळतात, ती वेचून वाळवली की वर्षभर पुरतात. खायला, विकायला, दारू गाळायला. जन्म, लग्न, मरण, देवाचा नैवेद्य, कशालाच मोहाशिवाय पुरं होता येत नाही. ज्या झाडाने विधवा बाईला मुलं वाढवायला हात दिला, ते झाड तिच्या चित्राच्या मधोमध उभं राहिलं आणि त्यात शंकर दिसू लागला, यात नवल नाही.

बडा देव किंवा बूढा देव साजाच्या, म्हणजे आपल्या ऐनाच्या, झाडात राहतो असं मानतात. त्यामुळे साज काढला की देव काढलाच, वेगळी मूर्ती लागत नाही. ठाकुर देव गावाचा आणि जमिनीचा, धरती माता, खेरमाई गावदेवी, पावसासाठी भीमसेन. या देवांना ठरलेला चेहरा नाही. दगड, लाकूड, झाड, शेंदराचा ठिपका एवढंच. म्हणून कागदावर त्यांना कसं काढायचं याचा साचा पूर्वी नव्हताच, तो या चित्रकारांनाच घडवावा लागला. शंकर त्रिशूळ घेऊन दिसला तर तो कॅलेंडरातून आलाय हे उघड आहे, पण म्हणून तो परका ठरत नाही. बैगा जत्रेला जातात, बाजारात जातात, तेही आजच्याच काळात राहतात.

पवित्र आहे तर विकायचं कसं?

गोदना अंगावर असतो तेव्हा तो विधीचा भाग असतो. भिंतीवरची नक्षी घराची असते. कागदावरचं चित्र पूजेला लावत नाहीत. त्यामुळे ते विकलं तर देव विकला असं होत नाही. त्या बायकांच्या दृष्टीने ती मजुरीच, दगड फोडण्यापेक्षा मानाची. हा आक्षेप बहुधा अशा माणसांकडून येतो ज्यांना आदिवासींनी गरीब आणि निर्मळ राहावं असं वाटतं.

खरा त्रास वेगळीकडे आहे. गोदन्याच्या रेघा आता साड्यांवर, ओढण्यांवर, हॉटेलांच्या भिंतींवर छापल्या जातात. काढणारा कारखाना, विकणारा व्यापारी, बैगांच्या हातात काही नाही. कायद्याचा आधारही अर्धवट. भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय, वारली चित्रांना २०१४ मध्ये आणि दिंडोरीच्या गोंड चित्रांना २०२३ मध्ये मिळालं. पण जीआय नावाचं रक्षण करतं: दुसऱ्या कुणी तेच नाव लावून माल विकू नये. मोराचा किंवा चुलीचा आकार कुणी ‘ट्रायबल प्रिंट’ म्हणून छापला, तर जीआय त्याला अडवू शकत नाही. म्हणून विकत घेताना एकच प्रश्न कामाचा: हे कुणी काढलं? नाव आणि गाव सांगता येत नसेल, तर ते बैगांचं चित्र नाही, बैगांची छपाई आहे.

जंगलाचा यात काय संबंध?

सगळा. वाघाशी करार आहे म्हणून बाघेसुर आहे. मोह वेचता येतो म्हणून मोह मध्यभागी आहे. आणि या भागातली कान्हा, बांधवगड, अचानकमार ही नावं आपल्याला पर्यटनातून माहीत असली, तरी व्याघ्र प्रकल्पांसाठी कितीतरी बैगा गावं उठवली गेली आहेत. उठवलेल्या वस्तीत घर पक्कं मिळेलही. पण साजाचं ते विशिष्ट झाड, शिवेवरचा तो दगड सोबत नेता येत नाही.

२००६ च्या वनहक्क कायद्यात यावर एक उपाय आहे, ज्याला पर्यावास हक्क म्हणतात. वैयक्तिक जमिनीच्या पट्ट्यापेक्षा हा हक्क मोठा. असुरक्षित आदिवासी समूहाच्या संपूर्ण पारंपरिक मुलखावर, तिथली देवस्थानं, कंदमुळांच्या जागा, नदी-डोंगर यांच्यासकट, त्या समूहाचा संबंध मान्य करायचा. देशात हा हक्क सर्वप्रथम मिळाला तो बैगांनाच, दिंडोरीतल्या बैगा चकमधल्या सात गावांना, २०१५ च्या सुमारास. २०२३ मध्ये छत्तीसगडमधल्या गौरेला-पेंड्रा-मरवाही जिल्ह्यातल्या बैगांनाही तो मिळाला. बाकीची अनेक बैगा गावं मात्र या हक्काच्या बाहेर राहिली.

चित्रकलेच्या चर्चेत हा कायदा सहसा येत नाही. तो येतो वनखात्याच्या बातम्यांत. माझ्या मते त्याची जागा चित्रांशेजारीच आहे. ब्रश, कॅनव्हास, प्रदर्शन, पुरस्कार हे सगळं सरकारला देता येतं आणि ते द्यावंही. पण ज्या मुलीला मोह वेचायला जंगलात जाता येत नाही, तिला मोह काढायला शिकवता येईल, आणि तो छान येईलही. तो तिने जोधैयाबाईंच्या चित्रावरून उचललेला असेल. जोधैयाबाईंनी तो झाडावरून उचलला होता.

आता बैगा गावांतल्या अनेक मुली गोंदून घ्यायला नको म्हणतात. शाळेत इतर मुली हसतात, दुखतं, नोकरीत अडचण येईल असं वाटतं. त्यांना कुणी जबरदस्ती करू नये. दिंडोरीकडे काही बायका तेच गोदन्याचे आकार आता कागदावर आणि कापडावर उतरवू लागल्या आहेत, म्हणजे लोढ्यापेक्षा वेगळ्या वाटेने दुसरं बैगा चित्र घडतं आहे, ज्यात झाड नाही, देव नाही, फक्त काळ्या रेघा आणि ठिपके. ती वाट अजून ठरायची आहे.